घराच्या रक्षणाला काय हवे: पिस्तूल की बंदूक?

चोर-दरोडेखोरांच्या भीतीने शस्त्राचा परवाना काढावा असे अनेकांना वाटते. पण कोणते शस्त्र घ्यावे, ते कुठे ठेवावे आणि वेळ आली तर ते खरोखर उपयोगी पडेल का, याचा विचार मात्र फारच थोडे लोक करतात.

उत्तर प्रदेशात बंदूक ही केवळ शस्त्र नसते, ती घराण्याची पत असते. लखनौमध्ये खांद्याला बंदूक लावलेला माणूस सोबत घेऊन फिरणाऱ्याकडे लोक आदराने पाहतात. लग्नाच्या वरातीत कमरेचे पिस्तूल मुद्दाम दिसेल असे लावले जाते. मुलीच्या लग्नाची बोलणी करताना मुलाकडे जमीन किती, मोटार कोणती, याबरोबर घरात परवाना आहे का, हेही काही ठिकाणी विचारले जाते.

आकडेही हेच सांगतात. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नोंदीनुसार ३१ डिसेंबर २०१६ रोजी देशभरात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्र परवाने होते. त्यांपैकी १२ लाख ७७ हजारांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होते. त्याच वेळी महाराष्ट्रातील परवान्यांची संख्या सुमारे ८४ हजार होती. नव्या परवान्यांवर तेथे काही वर्षे बंदी होती. ती २०१८ मध्ये उठल्यावर अर्जदारांची पुन्हा रीघ लागली.

नोकरी-व्यवसायानिमित्त लखनौत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे वातावरण सुरुवातीला चमत्कारिक वाटते. पुण्या-नाशिकच्या घरात शस्त्र म्हणजे फार तर दसऱ्याला पुजायची जुनी तलवार. पण शेजारच्या चार घरांपैकी दोन घरांत बंदूक असेल, वर्तमानपत्रात रोज दरोड्याच्या बातम्या येत असतील आणि पतीला कामासाठी महिन्यातले दहा दिवस बाहेरगावी राहावे लागत असेल, तर घरातली बाईही एक दिवस म्हणते, ‘‘आपणही एखादे घेऊन ठेवू या का?’’

मग पहिला प्रश्न उभा राहतो: उशाशी ठेवता येईल असे छोटे रिव्हॉल्वर, की कपाटात उभी राहील अशी लांब बंदूक?

कायद्याच्या नजरेत दोन्ही सारखी नाहीत

अनेकांना माहीत नसते, पण या प्रश्नाचे अर्धे उत्तर कायद्यानेच देऊन ठेवले आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे १३ वे कलम छोट्या आणि लांब शस्त्रांत स्पष्ट फरक करते. ज्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत आहे आणि किमान २० इंच लांब आहे, अशी बंदूक स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली आणि अर्जदारात काही दोष नसेल, तर परवाना द्यावा असा या कलमाचा रोख आहे. बारा बोरची बंदूक या वर्गात मोडते. रिव्हॉल्वर, पिस्तूल किंवा रायफल हवी असेल तर मात्र ती मागण्यामागे सबळ कारण आहे, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. ‘भीती वाटते’ एवढे सांगून भागत नाही. धमकी आली असेल, तर तिची पोलिसांत नोंद असावी. व्यवसायात मोठी रोकड न्यावी-आणावी लागत असेल, तर त्याचे पुरावे असावेत.

कायदा करणाऱ्यांचा विचार सरळ होता. लांब बंदूक लपवून बाजारात नेता येत नाही. ती घरात किंवा शेतावरच राहते. पिस्तूल खिशात जाते आणि भांडण झाले की क्षणात बाहेर येते. म्हणून त्यावर अंकुश अधिक.

बाकीच्या अटी दोन्हींना सारख्याच आहेत. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण हवे. पोलिसांकडून चौकशी होते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शारीरिक आणि मानसिक आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे आणि ठेवण्याचे शिक्षणही घ्यावे लागते. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. सैन्य व पोलीस वापरतात त्या ९ मिलिमीटर पिस्तूल किंवा .३०३ रायफलसारख्या ‘निषिद्ध बोर’च्या शस्त्रांचा परवाना सामान्य नागरिकाला सहसा मिळत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात निवड उरते ती .३२ बोरचे रिव्हॉल्वर वा पिस्तूल, बारा बोरची बंदूक आणि .३१५ बोरची रायफल यांतच.

छोट्या शस्त्राचा मोह

रिव्हॉल्वरकडे ओढा का असतो, हे समजणे कठीण नाही. ते लहान असते आणि पटकन हाती येते. २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन शहरातील हँडगनवरची बंदी रद्द केली, तेव्हा निकालात या आवडीची कारणेच नोंदवली होती. छोटे शस्त्र अडचणीच्या वेळी सहज हाती लागेल अशा जागी ठेवता येते. हल्लेखोराला ते हिसकावून घेणे अवघड जाते. ज्यांच्या दंडात फारसे बळ नाही त्यांनाही ते उचलता येते. आणि एका हाताने ते रोखून दुसऱ्या हाताने पोलिसांना फोन करता येतो.

आपल्याकडेही हाच विचार करून शस्त्रे तयार झाली. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेनंतर कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये खास स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे .३२ बोरचे रिव्हॉल्वर बाजारात आणले. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, म्हणजे पर्समध्ये मावेल असे. किंमत मात्र तेव्हा सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती. स्त्रियांच्या संघटनांनी त्याच वेळी विचारले होते की एवढे पैसे मोजून स्वतःचे रक्षण करू शकणाऱ्या स्त्रिया देशात आहेत तरी किती? पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीने ‘प्रबल’ हे रिव्हॉल्वर आणले. लखनौपासून जवळच, हरदोई जिल्ह्यातील संडीला येथे वेब्ली अँड स्कॉट या जुन्या इंग्रज कंपनीच्या नावाने रिव्हॉल्वर बनवण्याचा कारखानाही निघाला.

पण छोट्या शस्त्राची दुसरी बाजू विक्रेता सांगत नाही. नळी जेवढी आखूड, तेवढा नेम धरणे अवघड. मनगट जरासे हलले तरी चार-पाच मीटरवर गोळी हातभर बाजूला जाते. सिनेमातला नायक धावता धावता नेम साधतो. प्रत्यक्षात झोपेतून दचकून उठलेल्या माणसाचे हात थरथरत असतात, छाती धडधडत असते आणि समोर अंधार असतो. अशा वेळी रिव्हॉल्वरची गोळी योग्य जागी लागायची तर नियमित सराव हवा. परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते आणि सरावाची मैदानेही सगळ्यांना उपलब्ध नसतात. परिणामी बहुतेक परवानेधारकांनी शस्त्र घेतल्यावर चार-सहा गोळ्या झाडलेल्या असतात, त्याही दिवाळीत किंवा नव्या वर्षाच्या रात्री, ज्या मुळीच झाडायला नकोत.

आणि जे शस्त्र आईच्या हाताला हलके वाटते, ते मुलाच्या हातालाही हलकेच असते.

लांब बंदुकीचे बळ आणि अडचण

बारा बोर हे नाव मोठे गमतीचे आहे. नळीच्या तोंडात नेमकी बसेल अशी शिशाची गोळी केली, तर अशा बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. म्हणून ती ‘बारा बोर’. तिच्या काडतुसात एकाऐवजी अनेक छर्रे असतात. ही काडतुसे बनवणारा एक जुना कारखाना आपल्या महाराष्ट्रातच, पुण्याजवळ खडकीला, १८६९ पासून उभा आहे.

लांब बंदुकीला दोन्ही हात आणि खांदा असा तीन ठिकाणी आधार मिळतो. त्यामुळे नवशिक्यालाही ती स्थिर धरता येते. तिचे दर्शनच दरारा निर्माण करते. किंमत रिव्हॉल्वरच्या मानाने बरीच कमी असते आणि परवाना मिळणेही सोपे असते.

मात्र तिच्याविषयी एक मोठा गैरसमज आहे. ‘बारा बोरला नेम लागत नाही, नुसती त्या दिशेने झाडली की झाले’ असे छातीठोकपणे सांगणारे अनेक भेटतात. हे खरे नाही. छर्रे नळीतून बाहेर पडल्यावर साधारण दर यार्डामागे, म्हणजे दर तीन फुटांमागे, एक इंच पसरतात. घरातली खोली बारा-पंधरा फुटांची. तेवढ्या अंतरात छर्ऱ्यांचा झोत जेमतेम तळहाताएवढा होतो. म्हणजे नेम धरावाच लागतो. नेम चुकला तर शेजारी उभ्या असलेल्या आपल्याच माणसाला तो तळहाताएवढा झोत पुरेसा असतो.

दुसरी अडचण लांबीची. बंदूक साडेतीन-पावणेचार फूट लांब आणि तीन किलोच्या आसपास वजनाची. जुन्या लखनौत, चौक किंवा अमीनाबादच्या गल्ल्यांतील घरांत जिना अरुंद आणि बोळ तीन फुटांचा. तिथे वळताना बंदुकीची नळी आधी पुढे जाते आणि मालक मागून पोहोचतो. कोपऱ्याआड दबा धरून बसलेला माणूस ती नळी धरू शकतो. शिवाय दोन्ही हात अडकलेले असल्याने दिवा लावणे, दार उघडणे, मुलाला उचलणे, फोन करणे यांपैकी काहीच जमत नाही. बंदुकीचा मागे बसणारा धक्का सवय नसलेल्याला खांदा दुखवून जातो, तो वेगळाच.

.३१५ बोरची रायफल तर घराच्या रक्षणासाठी मुळीच योग्य नाही. हिची एकच गोळी दीड-दोन किलोमीटरपर्यंत प्राणघातक ठरू शकते. प्लायवूडचे दार तिला कागदासारखे आणि खोल्यांमधली साडेचार इंची भिंतही तिला अडवील याची खात्री नाही. दाट वस्तीत अशी रायफल झाडणे म्हणजे चोराऐवजी पलीकडच्या घरात झोपलेल्या निरपराध माणसाचा जीव धोक्यात घालणे. तरीही तिचे परवाने मागितले जातात, कारण ती रुबाबदार दिसते.

शस्त्राआधी घराकडे पाहा

म्हणून ‘कोणते शस्त्र चांगले’ यापेक्षा ‘आपले घर कोणते’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

गोमतीनगर किंवा इंदिरानगरमधील सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाला एकच मुख्य दार असते. वरखाली, आजूबाजूला माणसे असतात. आरडाओरडा केला तर निदान कोणीतरी ऐकते. इथे भिंतीपलीकडे दुसऱ्याचे पाळणाघर असू शकते. अशा घरात लांब बंदूक काय किंवा पिस्तूल काय, दोन्हींपासून होणारा धोका फायद्याहून मोठा आहे.

मलिहाबादच्या आंब्याच्या बागेतले किंवा मोहनलालगंजकडे शेतात बांधलेले एकटे घर वेगळे. शेजार अर्ध्या किलोमीटरवर, पोलीस चौकी त्याहून दूर, वीज कधी येईल सांगता येत नाही. इथे खरी गरज असू शकते आणि इथे बारा बोरची बंदूकच बरी. जागा मोकळी असते, नळी वळवायला अडचण नसते आणि छर्रे रायफलीच्या गोळीसारखे दूरच्या वस्तीपर्यंत जात नाहीत.

ज्याला वैयक्तिक धोका आहे, म्हणजे सराफ, रोकड नेणारा व्यापारी, साक्षीदार, त्याचा धोका घरापेक्षा रस्त्यावर अधिक असतो. त्याने रिव्हॉल्वर मागितले तर ते समजण्यासारखे आहे. पण ते घराच्या रक्षणाचे शस्त्र नव्हे, हे त्यानेही लक्षात ठेवावे. घरी आल्यावर ते कुलपातच गेले पाहिजे.

रात्री दोन वाजता

समजा, सगळे सोपस्कार करून शस्त्र घरी आले. आता रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज होतो. पुढे काय?

शस्त्र नियमाप्रमाणे तिजोरीत आणि काडतुसे वेगळ्या कपाटात असतील, तर चष्मा शोधणे, किल्ली शोधणे, काडतूस भरणे यांत दोन-तीन मिनिटे सहज जातात. शस्त्र भरून उशाखाली ठेवले असेल तर वेळ वाचतो, पण मग ते दिवसभर, सगळ्यांच्या हाताशी, भरलेलेच राहते. घराच्या रक्षणासाठी शस्त्र घेणाऱ्याची हीच खरी कोंडी आहे आणि पिस्तूल की बंदूक या वादाने ती सुटत नाही.

त्यानंतरचा क्षण अधिक कठीण. अंधारात हलणारी आकृती चोराची की पाणी प्यायला उठलेल्या सासऱ्यांची? न सांगता रात्रीच्या गाडीने वसतिगृहातून परतलेल्या मुलाची? समोर कोण आहे हे ओळखल्याशिवाय चापावर बोट नेणे हा गुन्ह्याहून मोठा अविचार आहे.

कायदाही इथे सबुरीच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमे स्वसंरक्षणाच्या अधिकाराची आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडून शिरणाऱ्याला रोखताना त्याचा मृत्यू झाला, तरी विशिष्ट परिस्थितीत ४१ वे कलम घरमालकाला संरक्षण देते. पण ३७ वे कलम बजावते की बचावासाठी आवश्यक असेल तेवढीच इजा करता येते, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा अधिकारच उरत नाही. भिंतीवरून उडी टाकून पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणारा घरमालक आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शनसिंग खटल्यात एकीकडे मान्य केले की संकटात सापडलेल्या माणसाने बचावाचे माप तराजूत तोलून काढावे अशी अपेक्षा धरता येत नाही. पण हा अधिकार सूड घेण्यासाठी नाही, हेही त्याच निकालात सांगितले.

हवेत गोळी झाडून चोराला पळवावे, असाही सल्ला दिला जातो. अमेरिकेचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितले होते की आपण पत्नीला दुनळी बंदूक घेऊन सज्जात जाऊन दोन बार काढायला सांगून ठेवले आहे. त्या सल्ल्यावर त्यांच्याच देशात बरीच टीका झाली. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. दुनळीत काडतुसेही दोनच असतात, दोन बार झाले की हातात फक्त काठी उरते. आपल्याकडे आनंदासाठी हवेत गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

चोर बाहेरचा, बळी घरातला

लखनौला या विषयाचा धडा अत्यंत क्रूरपणे मिळाला आहे. २०२२ च्या जून महिन्यात शहरातील एका घरात आईचा गोळी लागून मृत्यू झाला. पोलिसांनी सांगितले की गोळी तिच्या सोळा वर्षांच्या मुलाने झाडली आणि पिस्तूल वडिलांचे, परवाना असलेले होते. वडील नोकरीसाठी परगावी होते. घराच्या रक्षणासाठी म्हणून जे मागे ठेवले होते, त्यानेच घर उद्ध्वस्त केले. पुढच्याच वर्षी, १ सप्टेंबर २०२३ रोजी, लखनौतीलच एका प्रतिष्ठित घरात एका तरुणाचा गोळी लागून मृत्यू झाला. तपासात पिस्तूल परवान्याचे निघाले. ज्याच्या नावावर ते होते, तो त्या वेळी शहरातच नव्हता.

दोन्ही घटनांत शस्त्र छोटे होते, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. लहान शस्त्र हातात घेणे सोपे, लपवणे सोपे आणि रागाच्या एका झटक्यात वापरणेही सोपे.

अमेरिकेत आर्थर केलरमन या डॉक्टरांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते की ज्या घरात बंदूक आहे, तेथे खून होण्याचा धोका बंदूक नसलेल्या घरापेक्षा सुमारे २.७ पट होता आणि मारणारा बहुधा घरातला किंवा ओळखीचाच होता. बंदुकीच्या समर्थकांनी या अभ्यासावर आक्षेप घेतले. पण कोणत्याही गृहिणीला एवढे समजायला अभ्यास लागत नाही की पती-पत्नीची भांडणे, दारू, परीक्षेतील अपयश, सासरचा छळ आणि भावाभावांतील जमिनीचे वाद चोरापेक्षा कितीतरी अधिक वेळा घरात शिरतात. निराशेच्या क्षणी विचार बदलायला माणसाला जो वेळ मिळायला हवा, तो भरलेले शस्त्र देत नाही.

ठेवायचेच असेल तर

ज्या घरात शस्त्र आहे किंवा घेणे अटळ आहे, त्यांनी काही गोष्टींत तडजोड करू नये.

शस्त्र रिकामे करूनच ठेवावे. काडतुसे वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात असावीत. रिव्हॉल्वरसाठी भिंतीत पक्की बसवलेली छोटी तिजोरी, बंदुकीसाठी उभे पोलादी कपाट घ्यावे. भिंतीवर टांगलेली बंदूक शोभेची नसते, ती निमंत्रण असते. किल्ली देवघरात, साड्यांच्या घडीत किंवा उशीखाली ठेवू नये. मुलांना या जागा आईवडिलांपेक्षा आधी माहीत असतात.

परवाना पतीच्या नावावर असेल तर शस्त्र त्याच्याच ताब्यात असले पाहिजे. ‘मी नसताना तू वापर’ असे म्हणून पत्नीच्या हवाली करून गावाला जाणे कायद्याला धरून नाही. पत्नीला खरोखर गरज असेल तर तिने स्वतःच्या नावाने अर्ज करावा आणि स्वतः शिक्षण घ्यावे.

सगळे कुटुंब दीर्घ सुट्टीवर जाणार असेल तर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करून पावती घ्यावी. कुलूपबंद घरातून चोराने नेलेली सर्वांत धोकादायक वस्तू दागिने नसून बंदूक असते. शस्त्र हरवले किंवा चोरीला गेले तर एक क्षणही न दवडता पोलिसांत कळवावे.

घरात कोणाला नैराश्याचा त्रास असेल, कोणाला दारूचे व्यसन असेल किंवा वाद विकोपाला गेले असतील, तर शस्त्र घरात ठेवूच नये. अशा वेळी ते जमा करणे यात कमीपणा नाही.

आजोबांची दुनळी

अनेक घरांत निवडीचा प्रश्नच येत नाही, कारण शस्त्र वारशाने येते. अवधच्या जुन्या तालुकदार घराण्यांत आणि त्यांच्याकडे नोकरी केलेल्यांच्या घरांतही जुन्या दुनळी बंदुका आहेत. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे असले, तर २०१६ च्या नियमांनुसार तो हयात असतानाही वारसाच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. पण अनेक कुटुंबे आजोबांच्या निधनानंतरही बंदूक तशीच माळ्यावर ठेवून देतात. परवाना नसलेले शस्त्र घरात असणे हा गंभीर गुन्हा आहे, मग ते आजोबांचे असो वा पणजोबांचे. शिवाय चाळीस वर्षे न उघडलेल्या बंदुकीची नळी आतून गंजलेली असू शकते. ती झाडणाऱ्याच्याच तोंडावर फुटू शकते. अशी बंदूक एकतर वारसाच्या नावावर रीतसर करून घ्यावी आणि जाणकाराकडून तपासावी, नाहीतर जमा करावी. आठवण म्हणून आजोबांचा फोटो पुरेसा आहे.

आधी कडी, मग काडतूस

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. निवडणुका आल्या की प्रशासन परवानाधारकांचा आढावा घेऊन अनेकांना शस्त्रे जमा करायला सांगते. म्हणजे जिच्या भरवशावर घर सोडले, ती बंदूक कित्येक आठवडे घरात नसतेच. त्या काळात जे घराचे रक्षण करते, तेच खरे रक्षण.

ते रक्षण स्वस्तही आहे. मुख्य दाराला भक्कम चौकट, आतून अडसर आणि बाहेर जाळीचे दुसरे दार असावे. दार उघडण्यापूर्वी पाहायला भिंग असावे. गच्चीच्या दाराला खालच्या दाराइतकेच मजबूत कुलूप हवे, कारण चोर बहुधा वरून येतो. अंगणात आणि जिन्यात रात्रभर दिवा असावा. घरात एक खोली अशी असावी की जिचे दार आतून पक्के लावता येते आणि जिथे फोन चालतो. आवाज झाला तर चोराला शोधत फिरण्यापेक्षा मुलांना घेऊन त्या खोलीत जावे, कडी लावावी आणि ११२ क्रमांक फिरवावा. उत्तर प्रदेशात ही सेवा २०१६ मध्ये १०० क्रमांकाने सुरू झाली आणि २०१९ पासून ती ११२ वर चालते. छेडछाड किंवा धमक्यांचे फोन येत असतील तर स्त्रियांसाठी लखनौतूनच २०१२ मध्ये सुरू झालेली १०९० ही सेवा आहे.

शेजाऱ्यांशी बोलणे असावे. नवा नोकर ठेवताना पोलिसांकडून त्याची माहिती तपासून घ्यावी. गावाला जाताना कोणाला सांगून जावे. हे सारे करायला परवाना लागत नाही.

इतके करूनही घर एकाकी असेल, धोका खरा असेल आणि शस्त्र घेण्याचे ठरलेच, तर घरासाठी बारा बोरची लांब बंदूक, रीतसर शिक्षण आणि पक्के कपाट हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग आहे. खिशातल्या पिस्तुलाचा रुबाब मोठा, पण त्याची किंमत बहुधा घरातल्याच कोणाला मोजावी लागते. आणि ज्या घरात वाढत्या वयाची मुले आहेत, भिंतीला भिंत लागून शेजार आहे आणि हाक मारली तर धावून येणारी चार माणसे आहेत, त्या घराने पिस्तूल की बंदूक या वादात पडूच नये. त्या पैशांत चांगले दार बसवून घ्यावे.